वेदना चालते, हिशेब चालत नाही

दलित साहित्याविषयी बोलताना प्रस्थापित समीक्षेने स्वतःसाठी एक सोय करून ठेवली आहे. दलित लेखकाने भोगलेले सांगावे, आणि ते जितके दाहक तितके उत्तम. त्या भोगण्याची कारणे कोणती, त्याची भरपाई कुणी कुणाला करायची, हे मात्र समीक्षक, समाजशास्त्रज्ञ आणि नियोजनकार ठरवतील. वेदना तुमची, विचार आमचा, अशी ही वाटणी आहे. आत्मकथनांची स्तुती करणारे किती लेख ‘अस्सल’, ‘जिवंत’, ‘हादरवून टाकणारे’ या विशेषणांच्या पुढे जातात, हे ज्याने त्याने आपल्या कपाटातले जुने अंक काढून पाहावे. या स्तुतीत लेखक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. साक्षीदार रडला तर कोर्टाला चालते. त्याने फिर्यादीची वही उघडून दाखवा म्हटले, की त्याला गप्प बसवले जाते.

ही वाटणी मराठी वाङ्मयापुरती नाही. गरीब देशांच्या विकासाविषयी जगात जे लिहिले-बोलले जाते, त्यातही ती जशीच्या तशी आढळते. हे दाखवण्यासाठी १९८७ सालच्या दोन संहिता येथे समोरासमोर ठेवतो. एक अहवाल आहे, दुसरे भाषण. अहवालाचे नाव ‘अवर कॉमन फ्यूचर’. संयुक्त राष्ट्रांनी १९८३ साली पर्यावरण आणि विकास यांसाठी एक जागतिक आयोग नेमला. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या त्याच्या अध्यक्ष होत्या आणि अहवाल आला तेव्हा त्या आपल्या देशाच्या पंतप्रधान होत्या. ‘शाश्वत विकास’ हा आज मंत्र्यांच्या भाषणापासून सिमेंटच्या जाहिरातीपर्यंत सर्वत्र आढळणारा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला तो या अहवालामुळे. भाषण आहे थॉमस सांकारा यांचे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाचे ते अध्यक्ष. २९ जुलै १९८७ रोजी अदिस अबाबा येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या परिषदेत त्यांनी ते केले. अहवाल विद्यापीठांत शिकवला जातो. भाषणाची ध्वनिफीत तरुण पोरे ऐकतात, त्याचे तुकडे भिंतीवर रंगवतात, पण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही. असे का व्हावे?

आधी अहवाल पाहू. तो वाईट हेतूने लिहिलेला नाही हे प्रथम मान्य केले पाहिजे. श्रीमंत देश जगाची साधनसंपत्ती किती ओरबाडतात हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. लॅटिन अमेरिकेतील देशांना कर्जाचे हप्ते भरण्यासाठी आपली नैसर्गिक संपत्ती विकावी लागते, हेही त्यात आहे. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याची शक्ती न घटवता आजच्या पिढीच्या गरजा भागवणारा विकास, अशा आशयाची त्याची व्याख्या आता शाळेतली पोरेही पाठ म्हणतात. परंतु त्या व्याख्येला लागूनच अहवालाने आणखी एक गोष्ट म्हटली आहे. ‘गरजा’ म्हणजे मुख्यत्वे जगातील गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांना इतर सर्वांहून वरचा अग्रक्रम दिला पाहिजे, असे ते कलम आहे. व्याख्या उद्धृत करणारे बहुतेक जण हे कलम गाळतात. भावी पिढी उरते, आजचा गरीब उडतो. जो जन्मलाच नाही त्याच्याविषयी कळवळा दाखवणे सोपे असते. तो दारात येऊन उभा राहत नाही.

हा दोष गाळणाऱ्यांचा आहे असे म्हणून सुटता येईल. अहवालाच्या स्वतःच्या रचनेत मात्र एक गोष्ट आहे जी दलित वाचकाच्या नजरेतून सुटू नये. आयोगाने ठिकठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या. ऑक्टोबर १९८५ मधील साव पावलोच्या सुनावणीत ब्राझीलच्या आदिवासींचे प्रतिनिधी आयल्तोन क्रेनाक बोलले, रबराच्या झाडांचा चीक काढणारा एक कष्टकरी बोलला. त्यांचे शब्द अहवालात आहेत. पण कुठे? चौकटींत. मुख्य मजकूर वरून खाली वाहतो, त्यात आकडे, कारणे, शिफारशी. आणि मध्ये मध्ये चौकट आखून आत कुणी आदिवासी, कुणी मजूर आपल्या भाषेत बोलून जातो. चौकटीतला माणूस जंगलाविषयी, पूर्वजांविषयी, भुकेविषयी बोलतो. व्याजदराविषयीचा मजकूर चौकटीबाहेर आयोग लिहितो. चौकटीतले वाक्य चौकटीबाहेरच्या निष्कर्षाला भिडून तो बदलतो आहे, असे मला कोठे आढळले नाही. पानाची ही मांडणी करणाऱ्याच्या मनात अनादर नसेल, उलट आदरच असेल. आपल्या आत्मकथनांनाही आदरच मिळतो.

भोपाळचे पाहा. आयोगाचे काम चालू असताना जगात कोणती संकटे कोसळली, त्यांची यादी अहवालाच्या आरंभी आहे. आफ्रिकेतला दुष्काळ, चेर्नोबिल, ऱ्हाइन नदीत वाहून गेलेले विष, आणि भोपाळ. त्या यादीत कीटकनाशकांच्या कारखान्यातून गळती होते. दोन हजारांवर माणसे मरतात, दोन लाखांवर जखमी आणि आंधळी होतात. त्या वाक्यात कारखाना आहे, कंपनी नाही. गळती आपोआप झाल्यासारखी वाचली जाते. युनियन कार्बाइड हे नाव त्या ओळीत घातले असते तर भोपाळ हे पर्यावरणाचे संकट न राहता देणेकऱ्याचे प्रकरण झाले असते. देणेकरी कोण, हा प्रश्न अशा ओळी नेहमीच टाळतात.

आता शीर्षक. इंग्रजीत ‘आपले’ आणि ‘आमचे’ यांसाठी एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, आणि त्या दोहोंतला फरक गावकुसाबाहेरच्या माणसाला व्याकरण न शिकताही समजतो. ‘आपले’ म्हटले की बोलणारा ऐकणाऱ्याला आत घेतो, ‘आमचे’ म्हटले की बाहेर ठेवतो. ‘अवर कॉमन फ्यूचर’ मराठीत आणायचे तर ‘आपले सामायिक भवितव्य’ असेच करावे लागेल. चावडीवर ‘हे आपलं गाव आहे’ म्हणून भाषण सुरू झाले की महारवाड्यातला जाणता माणूस सावध होत असे, कारण त्या वाक्यानंतर बहुधा वेठीचे काम येई. पाणवठ्यावर ‘आमचं’ आणि वेठीला ‘आपलं’! ज्या जगात एकाच्या वहीत येणे लिहिलेले आहे आणि दुसऱ्याच्या कपाळी देणे, तेथे भवितव्य सामायिक आहे असे म्हणायचे तर आधी ती वही सामायिक करावी लागते. अहवालाने ते केलेले नाही. त्याने दारिद्र्य हे पर्यावरणाच्या ऱ्हासाचे कारणही आहे आणि परिणामही आहे असे म्हटले. वाक्य तोलून-मापून केलेले आहे, पण त्यातील ‘कारण’ हा शब्द जगभरच्या अधिकाऱ्यांनी उचलला आणि ‘परिणाम’ तेथेच राहिला. सरपण आणणारी बाई गुन्हेगार ठरली. मग या दारिद्र्यावर उपाय काय? तर वाढ. पुढच्या शतकात जगाचे औद्योगिक उत्पादन पाच ते दहा पट होईल असा अंदाज बांधून अहवाल ती वाढ स्वच्छ रीतीने व्हावी अशी इच्छा करतो.

‘शाश्वत’ हा मराठी शब्द कुणी योजला मला ठाऊक नाही, पण धम्म वाचलेल्या माणसाला तो खटकतो. बुद्धाने शाश्वतवाद आणि उच्छेदवाद ही दोन्ही टोके नाकारली. टिकणारे ते चांगले असे आपण कोणत्या अनुभवावरून म्हणावे? या देशात सर्वांत टिकाऊ व्यवस्था कोणती ठरली आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको.

आता दुसरी संहिता. तिचा संदर्भ विलक्षण आहे. अदिस अबाबाच्या त्याच सभागृहात, सांकारा यांच्या आधी, खुद्द ब्रुंटलँडबाई बोलल्या होत्या. आफ्रिकेचे सगळे कर्ज फेडले जाऊ शकणार नाही असे त्या म्हणाल्या. एका युरोपीय पंतप्रधानाने असे म्हणणे लहान गोष्ट नव्हती. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सांकारा यांनी आपल्या भाषणात त्याचा उल्लेख केला आणि त्यांच्या म्हणण्यात आपण फक्त थोडी भर घालतो असे सांगितले. ती भर म्हणजे : कर्ज फेडले जाऊच शकत नाही. ‘सगळे’ हा शब्द गेला, बस्स. एवढ्याने वाक्याची जात बदलली. ब्रुंटलँडबाईंच्या वाक्यात धनको आहे आणि तो किती सोडायचे याचा विचार करतो आहे. सांकारांच्या वाक्यात धनकोच्या हक्काचीच तपासणी सुरू होते.

त्यांचा युक्तिवाद असा. हे कर्ज वसाहतवादातून आलेले आहे. ज्यांनी आम्हाला कर्ज दिले तेच काल आमच्यावर राज्य करीत होते. आमचा कारभार त्यांनी चालवला, कर्ज घ्यायचा सल्ला त्यांनी दिला, सल्लागार त्यांचे, सावकार त्यांचे. आम्ही फेडले नाही तर सावकार मरणार नाहीत. फेडले तर आमची माणसे मरतील. जुगारात हरल्यावर पैसे परत मागणाऱ्याची त्यांनी टर उडवली. आणि मग युरोपला नाझींपासून सोडवताना आफ्रिकेने जे रक्त सांडले त्याचा हिशेब काढला, आणि ते ऋण कोणत्या नाण्यात फेडणार असे विचारले. शेवटी व्यवहाराची गोष्ट : एकट्या बुर्किना फासोने नकार दिला तर पुढच्या परिषदेला मी येथे नसेन, म्हणून सर्वांनी मिळून नकार द्या. सभागृह हसत होते, टाळ्या देत होते. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी, म्हणजे अडीच-तीन महिन्यांत, वागादुगू येथे सांकारा बारा सहकाऱ्यांसह मारले गेले. त्यांचे सहकारी ब्लेझ कॉम्पाओरे सत्तेवर आले आणि २०१४ पर्यंत राहिले. २०२२ साली बुर्किनाच्या लष्करी न्यायालयाने कॉम्पाओरे यांना गैरहजेरीत जन्मठेप सुनावली.

या मृत्यूमुळे भाषणाचे एक नुकसान झाले आहे. ते हुतात्म्याचे शेवटचे बोल म्हणून ऐकले जाते. त्यातली वेदना आणि भविष्यवाणी ऐकली जाते, हिशेब ऐकला जात नाही. म्हणून तो हिशेब जरा सविस्तर मांडतो.

बुर्किना फासोचे पूर्वीचे नाव अपर व्होल्टा. नाव बदलले १९८४ साली. नव्या नावाचा अर्थ ताठ मानेच्या माणसांचा देश. फ्रेंचांनी ही वसाहत १९३२ साली चक्क मोडीत काढली आणि तिचे तुकडे शेजारच्या वसाहतींना वाटून टाकले. कारण तेथे बंदर नव्हते, माणसे होती. आणि आयव्हरी कोस्टच्या कोको-कॉफीच्या मळ्यांना व आबिजानहून येणाऱ्या रेल्वेच्या कामाला माणसे हवी होती. ती वेठीने नेण्यात आली. १९४६ साली फ्रेंच संसदेने वेठबिगारी बंद केली आणि १९४७ साली वसाहत पुन्हा उभी केली. म्हणजे ज्या काळात या प्रदेशाची मेहनत विनामोल काढली जात होती, त्या काळात तो प्रदेश कागदावर अस्तित्वातच नव्हता. ही मेहनत कोणत्या वहीत जमा आहे? कोठेच नाही. १९६० साली स्वतंत्र झाल्यावर घेतलेले कर्ज मात्र फ्रँकच्या शेवटच्या नाण्यापर्यंत नोंदलेले आहे. वतनदार महाराने पिढ्यान् पिढ्या सरकारचे आणि गावाचे काम केले आणि वहीत तो गावाचे बलुते खाणारा म्हणून राहिला, त्याच जातीचा हा जमाखर्च आहे. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. ती वही कुणी दुरुस्त केली नाही.

दुसरी बाब व्याजाची. १९७० नंतरच्या दशकात तेलाच्या पैशाने फुगलेल्या बँकांनी गरीब देशांच्या दारात जाऊन कर्जे दिली, त्यांतली बरीचशी बदलत्या व्याजाची. मग अमेरिकेने आपली महागाई रोखण्यासाठी व्याजदर वर नेले. १९८१ च्या सुमारास ते वीस टक्क्यांजवळ पोचले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात टेकले. ऋणकोने एक पैसा नवा न उचलता त्याचे देणे वाढत गेले, कारण धनकोच्या घरातली अडचण ऋणकोच्या खात्यावर टाकली होती. खेड्यातल्या ज्या माणसाचा अंगठा घेऊन आकडा नंतर भरला जात असे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

ज्या नॉर्वेच्या पंतप्रधान त्या सभागृहात बोलल्या, त्या देशाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९७६ ते १९८० या काळात नॉर्वेने आपल्या मंदावलेल्या जहाजबांधणी कारखान्यांना काम मिळावे म्हणून गरीब देशांना कर्ज देऊन जहाजे विकली. जहाजे त्या देशांना परवडणारी आहेत काय, हे नीट पाहिले नाही. कर्जे थकली. २००६ साली नॉर्वेने इक्वेडोर, इजिप्त, जमैका, पेरू आणि सिएरा लिओन यांच्याकडची अशी कर्जे रद्द केली, आणि रद्द करताना धनको म्हणून आपलीही जबाबदारी होती असे मान्य केले. जबाबदारी मान्य करून धनकोने वही फाडल्याचे हे दुर्मिळ उदाहरण. ती कर्जे दिली गेली त्यातील बराच काळ ब्रुंटलँडबाई त्या सरकारात पर्यावरणमंत्री होत्या. मी त्यांच्यावर आरोप करीत नाही. एकाच सरकारात पर्यावरणाचा कागद आणि कर्जाचा कागद वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात, एवढेच मला दाखवायचे आहे. १९८७ चा अहवाल एका टेबलावरून लिहिला गेला आणि अदिसचे भाषण दुसऱ्या टेबलाकडे पाहून केले गेले.

आपल्याकडे ‘कर्जमाफी’ म्हणतात. माफी गुन्हेगाराला असते. हा शब्द वापरला की चूक कुणाची हे आधीच ठरून जाते. उरतो तो फक्त धनकोच्या मोठेपणाचा प्रश्न. सांकारांनी माफी मागितली नाही, नकार दिला. नकार हा शब्द आपल्या साहित्यचर्चेत इतका झिजला आहे की तो एक मनोवृत्ती किंवा शैली वाटू लागला आहे. पण नकाराला कायद्याचे रूपही असते. भारताच्या १९७६ च्या वेठबिगारी नष्ट करणाऱ्या कायद्याने वेठबिगाराचे कर्ज माफ केले नाही. ते फेडण्याचे दायित्वच संपुष्टात आले असे जाहीर केले, आणि असे संपलेले कर्ज जो वसूल करील त्याला शिक्षा सांगितली. या कायद्याचा अंमल कसा झाला हा वेगळा आणि लाजिरवाणा विषय आहे. तत्त्व मात्र स्वच्छ आहे : माणसाला बांधून ठेवणारे कर्ज हे कर्जच नव्हे. देशादेशांच्या व्यवहारात असे कलम नाही. दिवाळखोर व्यापाऱ्यासाठी न्यायालय असते, दिवाळखोर देशासाठी नाही. त्याला धनकोंच्या मंडळींपुढेच जाऊन उभे राहावे लागते.

सांकारांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. त्यांच्या राजवटीत १९८४ साली संपावर गेलेल्या हजाराहून अधिक शिक्षकांना एका फटक्यात बडतर्फ करण्यात आले. कामगार संघटना दडपल्या गेल्या, लोकन्यायालयांत वकिलाशिवाय खटले चालले. बाहेरच्या सावकाराला नकार देणारा राज्यकर्ता घरातल्या शिक्षकाचा नकार सहन करू शकला नाही. त्यांचे भक्त हे सांगत नाहीत, आणि त्यामुळे विरोधकांना आयते कोलीत मिळते.

परंतु कर्ज नाकारणारा हा माणूस पर्यावरणाला विसरला होता असे कुणी समजू नये. १९८४ साली त्यांच्या सरकारने काही दिवसांत सुमारे २५ लाख मुलांना लसी टोचल्या. लाखोंनी झाडे लावली. फेब्रुवारी १९८६ मध्ये पॅरिसला, फ्रान्सच्या अध्यक्षांसमोर, झाडांचा लढा हा साम्राज्यशाहीविरुद्धचा लढा आहे असे त्यांनी मांडले. वाळवंट पुढे सरकते त्याचे कारण सरपण आणणारी बाई एवढेच नाही. जमीन कुणासाठी पिकवली जाते हेही आहे, असा त्या मांडणीचा रोख होता. अहवालाच्या एक वर्ष आधी ‘परिणामा’कडून ‘कारणा’कडे जाणारी ही मांडणी झाली होती. आणि सांकारांच्याही आधीपासून त्याच देशाच्या यातेंगा प्रांतात याकुबा सावादोगो नावाचे शेतकरी आपल्या उजाड, खापरासारख्या कडक जमिनीत कोरड्या दिवसांत खड्डे खणून, त्यांत शेणखत भरून पावसाची वाट पाहत होते. वाळवी खताकडे येते, जमीन भुसभुशीत करते, पाणी मुरते. ही जुनी रीत. त्यांनी खड्डे मोठे केले, वेळ बदलली, आणि ज्वारी-बाजरीबरोबर झाडेही उगवू दिली. जेथे काही नव्हते तेथे जंगल उभे राहिले. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०२३ च्या डिसेंबरात ते वारले. मधल्या काळात शेजारचे शहर वाढले आणि त्याच जंगलाच्या जमिनीवर घरांचे प्लॉट पाडले गेले. असा माणूस अहवालांच्या चौकटीत आणि माहितीपटात शोभतो. जमिनीचा हक्क मागू लागला की तो चौकटीत मावत नाही.

अदिसच्या परिषदेचे अध्यक्ष होते झांबियाचे केनेथ कौंडा. त्यांच्याच देशाने १ मे १९८७ रोजी नाणेनिधीशी फारकत घेऊन, निर्यातीच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम कर्जफेडीला देणार नाही असे जाहीर केले होते. म्हणजे नकार ही एका तरुण कप्तानाची लहर नव्हती. पण झांबिया एकटा पडला आणि दोन वर्षांत त्याला परत जावे लागले. पुढची गोष्ट तर कादंबरीत घातली असती तर अतिरंजित ठरली असती. १९७९ साली झांबियाने रुमानियाकडून शेतीची यंत्रे उधारीवर घेतली होती, दीड कोटी डॉलरची. हे थकलेले कर्ज १९९९ साली डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने सुमारे तेहतीस लाख डॉलरला विकत घेतले आणि झांबियावर साडेपाच कोटींचा दावा लावला. २००७ साली लंडनच्या न्यायालयाने दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचा निकाल दिला. इतर धनकोंनी नुकतीच जी सूट दिली होती, तिचा असा उपयोग झाला. २०२० च्या नोव्हेंबरात झांबियाने पुन्हा हप्ता चुकवला. श्रीलंका आणि घाना यांनी २०२२ साली. आता धनको बदलले आहेत. पूर्वी पॅरिसमध्ये बसणारी सरकारे होती, आता रोखे घेतलेले फंड आहेत आणि चीनच्या बँकाही आहेत. धनको आशियाई झाला म्हणून कर्जाचा स्वभाव बदलत नाही, हे आपल्यातल्या भाबड्या मंडळींनी लक्षात ठेवावे. संयुक्त राष्ट्रांच्याच व्यापार परिषदेने २०२३ साली सांगितले की ३३० कोटी माणसे अशा देशांत राहतात जेथे शिक्षणापेक्षा किंवा आरोग्यापेक्षा व्याजावर अधिक खर्च होतो.

याच संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये ठरवली. अतिगरीब देशांनी वर्षाला किमान सात टक्क्यांनी वाढावे असेही त्यांत आहे. विषमता कमी करण्याच्या दहाव्या उद्दिष्टात ज्या भेदांपलीकडे जाऊन सर्वांना सामावून घ्यायचे ते भेद मोजले आहेत : वय, लिंग, अपंगत्व, वंश, मूळ, धर्म, आर्थिक किंवा अन्य दर्जा. जात ‘अन्य’मध्ये! २००१ साली डर्बनच्या परिषदेत भारत सरकारने जातीचा विषय येऊ नये म्हणून कंबर कसली होती, हे स्मरणात असेल तर या ‘अन्य’चे आश्चर्य वाटणार नाही. गरीब देश म्हणून जगापुढे हिशेब मागणारे आपले राज्यकर्ते, घरातला हिशेब निघाला की ‘आपले’ म्हणतात.

आणि आपण? फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा आक्रोश आहे तसा हिशेबही आहे. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो चलनाचा मूल्यनिर्णय कुणाच्या हातात असावा यावर. आपल्या वाङ्मयीन चर्चेत या ग्रंथाचा उल्लेख किती वेळा येतो? वेदना, विद्रोह, नकार या शब्दांवर आपण परिसंवाद घेतले. व्याज, चलन, कर्ज यांवर नाही. प्रस्थापितांनी आखलेली चौकट आपणही थोडीबहुत घर म्हणून वापरली.

हैतीचे उदाहरण राहिले. त्या बेटावरच्या गुलामांनी फ्रेंचांना हरवून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवले. १८२५ साली फ्रान्सने १४ युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची मागणी केली. कशासाठी? मळेवाल्यांचे जे नुकसान झाले त्याच्या भरपाईसाठी, आणि त्या नुकसानात स्वतः ते गुलाम धरलेले होते. ज्यांनी आपली सुटका केली त्यांनी आपलीच किंमत मालकाला द्यायची. पहिला हप्ता देण्यासाठी फ्रेंच बँकेकडूनच तीन कोटींचे कर्ज काढावे लागले. बँकेने आपले कापून हातात दोन कोटी चाळीस लाख ठेवले. १८३८ साली एकूण मागणी नऊ कोटींवर आली. त्यासाठी घेतलेल्या आणि ती फेडण्यासाठी पुन्हा घेतलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत चालले. हैतीची जंगले कुणी तोडली यावर शाश्वत विकासाच्या अहवालांत पुष्कळ लिहिलेले असते. त्या लाकडाचा आणि कॉफीचा पैसा कोठे जात होता हे वेगळ्या इतिहासाच्या पुस्तकात शोधावे लागते. २००३ साली अध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे ही रक्कम व्याजासह मागितली : २१ अब्ज डॉलरहून अधिक, शेवटच्या सेंटपर्यंत आकडा काढून. आकड्यातल्या त्या सेंटांची त्या वेळी चेष्टा झाली. सावकाराच्या वहीत पैसा-पैसा लिहिलेला असतो तेव्हा कुणी हसत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये आरिस्तीद सत्तेवरून गेले आणि त्यांच्यानंतरच्या सरकारने मागणी मागे घेतली. १७ एप्रिल २०२५ रोजी, त्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सच्या अध्यक्षांनी हा अन्याय होता असे मान्य केले आणि दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा एक आयोग नेमण्याचे जाहीर केले. रक्कम परत करण्याविषयी त्या घोषणेत काही नव्हते.